एक जुनं दार, तीन फेऱ्या आणि तीनच बिजागऱ्या

तीन फेऱ्या मारून झाल्यावर लिहितोय, त्यामुळे पहिल्यांदा गेल्यावर माणूस जो वेडापिसा होतो तो भर आता ओसरलाय. दुकान कसलं, तर पाडलेल्या जुन्या घरांमधून निघालेलं सामान विकणारं. दारं, खिडक्या, चौकटी, तुळया, जिन्याचे कठडे, फरश्या, नळ, कड्या, बिजागऱ्या, आणि सगळ्यात आत काचेच्या दारापलीकडे एक 'अँटिक' विभाग. बाहेरून बघाल तर भंगाराचं गोडाऊन वाटेल आणि थोडंफार तसंच आहेही.

रेटिंग आधीच देऊन टाकतो म्हणजे घाईतल्यांनी पुढे वाचायला नको. दारांच्या शेडला पाचपैकी साडेचार, कडी-कोयंड्याच्या खोलीला पाच, अँटिक विभागाला दोन, आणि ते दोन पण तिथे पंखा आहे म्हणून.

झालं असं की घरातल्या एका आतल्या दाराची खालची पट्टी कुजली. सुतारकाका म्हणाले फ्लश डोअर आणा, दोन तासात लावून देतो. बायको म्हणाली, अरे एकदा जुन्यात बघून तर येऊ. मी म्हटलं चल. माप घ्यायचं कुणाच्याच डोक्यात आलं नाही, मोबाईलमध्ये दाराचा एक फोटो होता तेवढ्यावर निघालो. शेडमध्ये शिरल्यावर पहिला अर्धा तास आम्ही नुसते फिरत होतो. दारं पुस्तकांसारखी उभी लावून ठेवलेली, एकामागे एक, मधे लाकडी खुंट्या, आणि प्रत्येक दाराच्या वरच्या कडेला पत्र्याची छोटी पट्टी ठोकलेली त्यावर नंबर. एक मला आवडलं, एक तिला आवडलं, अर्थातच वेगवेगळं, आणि आम्ही तिथल्या माणसाला विचारलं की यातलं कुठलं बसेल हो.

तो म्हणाला, "चौकटीचं माप द्या."

मी फोटो दाखवला. त्याने फोटोकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "दादा, घरी जा. माप घेऊन या. आज नाही देत."

मला राग आला होता, खोटं कशाला बोलू. गिऱ्हाईक समोर उभं, पैसे द्यायला तयार, आणि हा परत पाठवतोय. पण आता वाटतं की पूर्ण दुकानातली सगळ्यात चांगली सेवा तीच होती. त्याने एका जुन्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीने लिहून दिलं काय काय मोजायचं ते, आणि ते मी इथे देतो कारण याशिवाय कुठल्याही असल्या दुकानात जाण्यात अर्थ नाही. चौकटीची आतली रुंदी तीन ठिकाणी घ्यायची, वर मधे आणि खाली, कारण चौकट तिन्हीकडे सारखी असेल असं समजायचंच नाही. उंची दोन्ही बाजूंना. मग दोन्ही कर्ण, म्हणजे वरच्या डाव्या कोपऱ्यातून खालच्या उजव्या आणि उलट, दोन्ही सारखे आले तर चौकट काटकोनात, नाहीतर ती कलंडलेली आहे आणि दार तासूनच बसवावं लागणार. चौकटीला दार टेकायची जी खाच असते तिची खोली, म्हणजे किती जाड दार चालेल ते कळतं. आणि दार कुठल्या बाजूला, आत की बाहेर उघडतं ते. हे शेवटचं मला फालतू वाटलं होतं पण जुन्या दारात बिजागरीच्या खाचा आणि कुलपाची भोकं आधीच पडलेली असतात, बाजू चुकली की जुन्या खाचा बुजवा आणि नव्या मारा, आणि ते ठिगळ आयुष्यभर दिसत राहतं.

घरी येऊन मोजलं तर आमची चौकट वर आणि खाली यात जवळजवळ अर्ध्या इंचाने वेगळी निघाली. इतकी वर्षं त्याच दारातून ये-जा करतोय.

दुसऱ्या फेरीला सुतारकाकांना घेऊन गेलो. ते नाराज होते, "जुनं आणायचं आणि मग माझ्याकडून नवं करून घ्यायचं" असं रस्ताभर चाललं होतं. पण शेडमध्ये पाऊल ठेवल्याबरोबर माणूस बदलला. खिशातून टोच्या काढला आणि दारांच्या खालच्या कडा टोचत सुटले. मी घाबरलो की दुकानवाले ओरडतील, पण शेडवाला म्हणाला टोचा की, आम्हीपण घेताना टोचूनच घेतो. कुठल्या दुकानात हे चालू देतात आणि कुठे नाही यावरून बरंच कळतं असं माझं मत झालंय.

तर काका काय बघत होते ते मी नीट लक्ष देऊन बघितलं. दाराचा सगळ्यात आधी खालचा भाग, कारण पाणी तिथे लागतं, फरशी पुसताना, पाऊस आत येताना, आणि लाकडाचा टोकाकडचा भाग पाणी शोषून घेतो. टोच्या सहज आत गेला की तिथलं लाकूड गेलं. मग ठोकून आवाज, भरीव की पोकळ. वाळवीने खाल्लेलं दार वरून धडधाकट दिसतं, रंग तसाच असतो आणि आत नुसती पोकळी, ठोकल्यावर डब्यासारखं वाजतं. मग भोकं. टाचणीच्या डोक्याएवढी भोकं असतील तर किडा होता, पण होता की आहे हा खरा प्रश्न. भोकाच्या कडा धारदार असतील, आतून लाकूड फिकं ताजं दिसत असेल आणि दार आपटल्यावर पिठासारखा भुसा पडत असेल तर किडा अजून आत बसलाय. भोकं काळवंडलेली, धूळ भरलेली असतील तर बहुतेक जुनी गोष्ट. एक दार बायकोला फार आवडलं होतं, फिकट हिरवा रंग वगैरे, काकांनी ते जमिनीवर हलकंसं आपटलं आणि खाली पिठाची छोटी रांगोळी पडली. विषय संपला. शेडवाल्याने मात्र तेच दार लगेच बाजूला काढून त्यावर खडूने फुली मारली, इतर दारांना लागण नको म्हणून. ते बघून बरं वाटलं, जरी मनात आलंच की आम्ही आलो नसतो तर.

मग काका दाराच्या एका कडेला डोळा लावून बंदुकीचा नेम धरल्यासारखे बघायला लागले. पीळ पडलाय का ते असं कळतं, दोन्ही उभ्या पट्ट्या एका रेषेत दिसल्या पाहिजेत. थोडा बाक असेल तर चालवून घेता येतो पण पीळ काढता येत नाही, असं दार कायम एका कोपऱ्यात अडणार.

आता रुंदीचं. आम्हाला जे दार पटलं, सागवानी, चार पॅनलचं, ते चौकटीपेक्षा थोडं रुंद होतं. माझा समज असा की लाकूड आहे, कापा की पाहिजे तेवढं. काकांनी कडेला दिसणारे चौकोनी तुकडे दाखवले. आडव्या पट्टीचं टोक उभ्या पट्टीच्या खाचेतून आरपार येतं आणि त्यावरच अख्खं दार उभं असतं, खिळ्यांवर नाही. कडेचं जास्त तासलं तर त्या सांध्यांची पकड कमी होते, शिवाय उभी पट्टी बारीक झाली की कुलपाला जागा उरत नाही आणि दार दिसायलाही उपाशी दिसतं (हा काकांचा शब्द). दोन्ही बाजूंनी थोडं थोडं तासणं ठीक, पण इंच दोन इंच कमी करायचं असेल तर दुसरं दार बघा. उंचीचं पण तेच. उलट दार थोडं लहान पडलं तर कडेला त्याच जातीच्या लाकडाची पट्टी लावता येते, आणि बिजागरीच्या बाजूला लावली तर कुणाला कळतही नाही.

दुकानात पॅनलबद्दल एक चांगली गोष्ट ऐकली ती सांगतोच. जुन्या दारातली पॅनलं खाचेत सैल बसवलेली असतात, हाताने ढकलली तर किंचित हलतात. आम्हाला वाटलं दार खिळखिळं झालंय. तर तसं नाही, ती सैलच हवीत, कारण लाकूड दमट हवेत फुगतं आणि कोरड्या हवेत आकसतं, ते पण आडवं, रेषांच्या दिशेने जवळजवळ नाहीच. पॅनल चिकटवून टाकलं तर आकसताना ते मधेच फाटतं. मधोमध उभी चीर गेलेलं पॅनल दिसलं तर आधी त्याच्या कडा बघा, कुणीतरी शहाणपणा करून गोंद नाहीतर रंगाचे थर भरून ती खाच जाम केलेली असण्याची शक्यता बरीच.

इथवर सगळं कौतुक. आता रंगाचा विषय, इथे दुकानावर मी खरंच चिडलोय.

जुन्या दारांवर रंगाचे थरावर थर असतात आणि जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असायचं. अमेरिकेत घरांसाठी शिशाच्या रंगावर १९७८ मध्ये बंदी आली, म्हणजे त्याआधीच्या रंगाकडे तिथेही संशयानेच बघतात, आणि कित्येक ठिकाणी तर हे बरंच उशिरापर्यंत चालू होतं. भिंतीवर शाबूत बसलेला रंग तेवढा त्रास देत नाही, त्याची धूळ झाली की खरा धोका, आणि तो सगळ्यात जास्त लहान मुलांना, कारण मुलं हात तोंडात घालतात आणि शिसं वाढत्या मेंदूवर परिणाम करतं. आणि या दुकानात काय चालू होतं, तर शेडच्या तोंडाशी एक मुलगा दारावर कोरडी ग्राइंडर चकती फिरवत होता, तोंडाला मास्क नाही, धुळीचा लोट, आणि दहा पावलांवर एक कुटुंब लहान पोराला कडेवर घेऊन खिडक्या बघतंय. मी शेडवाल्याला बोललो. त्याने मुलाला थांबवलं, पण तिसऱ्या फेरीला परत तेच चालू. अर्धा स्टार त्याचा कापलाय, खरंतर जास्त कापायला पाहिजे होता. त्या पोराला, म्हणजे ग्राइंडरवाल्याला, रोज हेच करावं लागत असणार.

तर तुम्ही घेतलंत तर रंग काढायचं काम दुकानाकडून करून घेऊ नका. एकतर ही धूळ, दुसरं म्हणजे काही ठिकाणी दारं कॉस्टिक सोड्याच्या हौदात बुडवून काढतात, रंग सुटतो पण जुना सरस पण सुटतो, लाकूड केसाळ होतं आणि सांधे ढिले. आम्ही रंग काढायचं रसायन लावून, ओलं ठेवून पत्रीने खरवडलं, चांगला मास्क घालून, खाली प्लास्टिक पसरून, आणि मुलांना त्या दिवसांत घराबाहेर पाठवून. कोरडं घासायचं नाही आणि भट्टीसारखी गरम हवा पण मारायची नाही, खूप तापलं की शिशाची वाफ होते. तपासायची किट मिळते, कापसाच्या बोळ्यासारखी, घासल्यावर रंग बदलला तर शिसं आहे. आमचा बदलला. आणि ते 'रंग उडालेला लुक' म्हणून पापुद्रे निघणारी दारं तशीच विकतात ना, ती निदान वरून सीलर मारल्याशिवाय घरात आणू नका.

दार पॉलिशचं असेल तर अजून एक छोटी युक्ती, हीपण काकांचीच. कापसाला स्पिरिट लावून न दिसणाऱ्या कोपऱ्यात घासायचं. चिकट झालं तर लाखेचं जुन्या पद्धतीचं पॉलिश आहे, ते स्पिरिटमध्ये विरघळतं, आणि अख्खं न खरवडता दुरुस्त करता येतं. काहीच झालं नाही तर वर नंतर कुणीतरी आधुनिक कोट मारलाय.

आता माझी लाडकी जागा. शेडच्या मागे एक लांबट खोली, त्यात पत्र्याचे डबे, लाकडी खोकी, जुन्या बादल्या, आणि सगळ्यात धातू. कड्या, कोयंडे, खिट्ट्या, मुठी, बिजागऱ्या, खिडकीचे आकडे, कपाटाची कुलपं, चिनीमातीच्या गोल मुठी, आणि एक अख्खं घमेलं भरून किल्ल्या ज्यांची कुलपं कधीच गेली. इथे वजनावर विकतात, काही ठराविक वस्तू सोडून. दोन तास कसे गेले कळलं नाही, बायको बाहेर जाऊन बसली होती, नंतर येऊन म्हणाली तुझे हात बघ. हात कोपरापर्यंत काळे. हातमोजे न्या.

लोहचुंबक पण न्या, छोटासा, फ्रिजवर लावायचा असतो तो पण चालेल. पितळेला चुंबक चिकटत नाही. चिकटला तर आत लोखंड आणि वर पितळेचा मुलामा. मी पहिल्या फेरीत ज्या मुठीवर जीव टाकला होता तिला दुसऱ्या फेरीत चुंबक टपकन चिकटला. मुलामा वाईटच असं नाही, पण पितळेच्या भावात घेऊ नका, आणि मुलाम्याच्या वस्तूला घासून चमकवायला गेलात तर खालचं लोखंड दिसायला लागतं. खऱ्या पितळेवर जो तपकिरी मऊ थर चढलेला असतो तोही सगळा घासून काढायची घाई करू नका, आधी एका कोपऱ्यात बघा कसं दिसतंय. मी एक कडी आरशासारखी केली आणि आता ती त्या दारावर नवी कोरी वाटते, म्हणजे मुद्दाच संपला.

कुलूप घेताना तीन गोष्टी. किल्ली आहे का, नसेल तर करून देणारा ओळखीचा आहे का, नाहीतर ते पेपरवेट. दुसरं, दारात खाच मारून आत बसवायचं कुलूप असेल तर दाराच्या कडेपासून किल्लीच्या भोकापर्यंतचं अंतर मोजायचं, ते तुमच्या दाराच्या पट्टीत बसलं पाहिजे आणि मूठ चौकटीला घासायला नको, नाहीतर दार लावताना बोटं सोलपटतात. तिसरं, मुठीची जी चौकोनी सळई असते तिची जाडी, जुन्यात ती सगळ्यांची सारखी नसते, मूठ एकाकडून आणि कुलूप दुसरीकडून घेतलंत की बसेल याची काही खात्री नाही. मला हे कसं कळलं ते विचारू नका.

फरश्यांचं थोडक्यात. नक्षीच्या सिमेंट फरश्यांचे ढीग आहेत, छान आहेत. या भाजलेल्या नसतात, साच्यात रंगीत सिमेंट ओतून दाबून केलेल्या असतात, आणि नक्षीचा थर तीन-चार मिलिमीटर तरी जाड असतो म्हणून इतकी वर्षं पाय घासूनही नक्षी जात नाही. कडेने बघितलं तर तो थर दिसतो. छापील नक्षीच्या नव्या फरशीत तो दिसणार नाही. मोजून घ्या, प्रत्येक फरशी हातात घेऊन, कारण ढिगाच्या आत फुटक्या असतात आणि पाठीला जुना माल चिकटलेला असतो, त्यामुळे जाडी सारखी राहत नाही. दहा-पंधरा टक्के जास्तच घ्या, ढीग संपला की तशी परत मिळणार नाही. आणि बाथरूम साफ करायचं ॲसिड यांच्यावर कधीच नाही, सिमेंटच खातं ते.

ओतीव लोखंडाचे बाथटब आहेत, पायवाले. दिसायला राजेशाही. रिकामाच शंभर किलोच्या वर भरतो, त्यात पाणी, त्यात माणूस, वरच्या मजल्यावर ठेवणार असाल तर आधी इंजिनियरला विचारा. पुढे.

रंगीत काचांच्या खिडक्यांपाशी एक मजा झाली. दुकानातला एक सेल्समन, शेडवाला नाही, वेगळा, टापटीप शर्टवाला, एका बाईंना सांगत होता की जुनी काच खाली जाड असते कारण काच शेकडो वर्षांत हळूहळू खाली वाहते. हे सगळीकडे ऐकायला मिळतं आणि साफ चूक आहे. काच घरच्या तापमानाला वाहत बिहत नाही. पूर्वी काच फुगवून, मग फिरवून नाहीतर नळकांड्यासारखी करून उलगडून सपाट करायचे, त्यामुळे ती कुठे जाड कुठे पातळ आणि लाटालाटांची व्हायची, आणि बसवणारा जाड बाजू खाली ठेवायचा किंवा नाही ठेवायचा, काही ठिकाणी ती वर पण असते. वितळलेल्या कथिलावर तरंगवून एकसारखी सपाट काच करायची पद्धत पिल्किंग्टन कंपनीने १९५९ मध्ये जाहीर केली, आज खिडकीत असते ती हीच. म्हणून खिडकीसमोर उभं राहून डोकं डावी-उजवीकडे हलवा, पलीकडचं दृश्य पाण्यात असल्यासारखं हललं तर काच जुनी असण्याची शक्यता चांगली. मी तिथे डोकं हलवत उभा होतो आणि बायको ओळख नसल्यासारखी लांब गेली. रंगीत तुकडे धरणाऱ्या शिशाच्या पट्ट्या पण बघा, खिडकीला पोट आलं असेल, म्हणजे मधे फुगली असेल, तर पट्ट्या थकल्यात, दुरुस्ती महाग पडते. आणि गाडीत आडवी टाकून कधीच नेऊ नका, उभीच.

हाच टापटीप शर्ट आतल्या अँटिक विभागाचा पण राजा. इथे येऊन मात्र दुकानाचा स्वभावच बदलतो. बाहेर शेडमध्ये प्रत्येक दाराला नंबर आहे आणि वहीत त्या नंबरापुढे ते कुठल्या प्रकारच्या इमारतीतून, कधी काढलं ते लिहिलेलं आहे, मागितलं तर दाखवतात. आत आलात की वही नाही, टॅग नाही, भाव तुमच्या बुटांकडे बघून. एक लिहायचं टेबल दाखवलं, म्हणे दोनशे वर्षांचं. मी खण बाहेर काढून मागून बघितला तर आत चार खाचेचे स्क्रू, ज्याला आपण स्टार स्क्रू म्हणतो ते. ते स्क्रू १९३० च्या दशकात बाजारात आले. मी म्हटलं स्क्रू? म्हणाला दुरुस्ती केली असेल. असेल बाबा. मग खणाच्या कोपऱ्यातले सांधे बघितले तर सगळे एकसारखे, एक मिलिमीटरचा फरक नाही, म्हणजे मशीनवरचे, हाताने कापलेले डव्हटेल, म्हणजे पक्ष्याच्या शेपटीसारखे पसरट दात एकमेकांत अडकवलेले सांधे, असे कधीच येत नाहीत. आणि खणाच्या तळाच्या ज्या कडा इतकी वर्षं घासून झिजायला हव्या होत्या त्या कोऱ्या, उलट जिथे कुणाचा हात लागायचं कारण नाही तिथे छान झिजवलेलं. वरून बहुतेक बुटाचं पॉलिश.

मग एक काळा स्विच दाखवला, जुन्या पद्धतीचा गोल, खट् करून पडणारा, गोड आहे दिसायला. "व्हिक्टोरियन" म्हणे. अहो, तो बेकलाइटचा, म्हणजे सुरुवातीच्या काळातल्या कडक प्लास्टिकचा. बेकलाइट बनवलं लिओ बेकलंडने १९०७ मध्ये, आणि व्हिक्टोरिया राणी गेली १९०१ ला. मी हे बोलून दाखवलं तर तो हसला आणि म्हणाला सर तुम्ही अभ्यास करून आलात. याच्यावर काय बोलणार. (स्विच मी घेतला, पण भिंतीवर लावायला, वायरिंगला नाही. जुने स्विच आणि कापडी वायरचे दिवे घरच्या लाइनला जोडायचे असतील तर इलेक्ट्रिशियनकडून आतलं सगळं बदलून घ्या, मगच.)

गोल टेबलांसाठी एक सोपी युक्ती आहे, टेप असेलच तुमच्याकडे. एकाच फळीचं किंवा जोडफळीचं खरं जुनं गोल टेबल आता गोल राहिलेलं नसतं, लाकूड आडवं आकसतं म्हणून ते किंचित लंबगोल होतं. रेषांच्या दिशेने एकदा मोजा आणि रेषांच्या आडवं एकदा मोजा. इथे दोन टेबलं मोजली. दोन्ही अगदी बरोब्बर गोल.

माझं म्हणणं एवढंच की जुन्या लाकडातून नवं टेबल केलं असेल तर तसं सांगून विका ना, मी घेईन, लाकूड चांगलंच आहे. दोनशे वर्षं कशाला चिकटवता.

आणि एक गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. मागच्या कपाटात एक दगडी मस्तक होतं, मानेखाली सरळ कापलेलं. मी विचारलं कुठून आलं, उत्तर आलं एका जुन्या घरातून. घरात कुणी मूर्तीचं मस्तक कापून ठेवत नाही. अशा गोष्टींच्या बेकायदा व्यवहाराविरुद्ध युनेस्कोचा करार १९७० पासून आहे, देशोदेशी त्यावर कायदे आहेत, आणि कागद नसलेली अशी वस्तू घेतली तर पैसे तर जातातच, वर चोरीचा माल ठेवल्याची भानगड. ते खरं होतं की नक्कल ते मला सांगता येणार नाही, नक्कल असण्याचीच शक्यता या विभागात जास्त वाटते. पण त्यानंतर मी तिथून बाहेरच पडलो.

भावाचं म्हणाल तर शेडमध्ये घासाघीस फार चालत नाही, दारावर भाव लिहिलेला असतो, पण दार आणि सोबत बिजागऱ्या-कडी असं एकत्र घेतलं तर धातूचं वजन 'विसरतात'. खोड दाखवली, तुटलेली पट्टी, हरवलेलं तावदान, तर कमी करतात. परत घेत नाहीत, माप चुकलं तर आठवड्यात बदलून देतात, आणि तेही पावतीवर लिहून. हे चांगलंय. मात्र स्वस्तात पडेल या भ्रमात जाऊ नका. दाराचे पैसे, वाहतूक, रंग काढायचं सामान, कीड लागू नये म्हणून औषध, पॉलिश आणि काकांचे दोन तासांऐवजी चार दिवस, सगळं धरलं तर फ्लश डोअरच्या कितीतरी वर गेलो. फ्लश डोअरच्या मानाने महाग, पण असंच भरीव सागवानी नवं करून घेतलं असतं तर त्याहून बरंच कमी, असं काका म्हणाले, आणि ते कौतुक सहसा करत नाहीत.

डिलिव्हरीला तीन स्टार. टेम्पोत दार आडवं टाकून आणलं, मधे दोरी, दोरीखाली पुठ्ठा नाही, एका कोपऱ्याला चांगला टवका गेला. फोन केला तर शेडवाला स्वतः दुसऱ्या दिवशी आला, टवक्यात बसवायला त्याच रंगाचा जुन्या सागवानाचा तुकडा घेऊन, आणि काकांबरोबर बसून तो तुकडा बसवून गेला. काकांनी त्याला चहा पाजायला सांगितला यावरून समजा.

आल्या आल्या दार लगेच लावू दिलं नाही काकांनी. दोन आठवडे त्याच खोलीत भिंतीला उभं, खाली दोन पट्ट्या, हवा सगळीकडून लागेल असं. लाकूड शेडमधल्या हवेत राहिलेलं, घरातली हवा वेगळी, आधी त्याला काय फुगायचं आकसायचं ते होऊ दे मग तासू. त्या दोन आठवड्यांत आमच्याकडे दारच नव्हतं, पडदा होता, आणि दाराचं दार समोर भिंतीला टेकून उभं. येणारा प्रत्येक जण विचारायचा.

आता लावलंय. वजनदार आहे, लावताना धप्प असा आवाज येतो, फ्लश डोअरसारखा पोकळ नाही. खरवडताना बिजागरीच्या जुन्या खाचेत कुणातरी सुताराच्या छिन्नीच्या दोन तिरक्या खुणा निघाल्या आणि चौकटीवर लावायच्या जागेचा आकडा असावा असं काहीतरी. काकांनी त्याच्याखाली पेन्सिलीने स्वतःची एक खूण केली आणि बिजागरी वर ठोकून टाकली, मला वाचूही दिली नाही.

बिजागऱ्यांचं मात्र राहिलंय. दाराला जुन्या खाचा चार आणि मला त्या खोलीत एकसारख्या पितळी मिळाल्या तीनच, चौथी तशीच दिसते पण पाव इंचाने आखूड. सध्या वरून दुसऱ्या खाचेत कागदाची घडी घालून ठेवलीय. शेडवाल्याने नंबर घेतलाय, एका जुन्या इमारतीचं सामान येणार आहे म्हणाला, आलं की कळवतो. पुढच्या शनिवारी तसाही जातोय, चुंबक खिशात आहे, बायको म्हणाली या वेळी ती येणार नाही.